मास्तरांचा सभ्य वाघ

वाघाला इतकी माणुसकी शिकवणारा माणूस चंद्रपूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या मास्तरांनी नव्वदच्या दशकात स्वतःच एक खेळ बनवला होता. त्यात चित्र नाही, आवाज नाही; काळ्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं, आणि तीही इंग्रजी लिपीतली, भाषा मात्र मराठी. तुम्ही मोहर्लीच्या जंगलात वाट चुकला आहात. समोर नाला आहे. ओलांडायचा असेल तर एक दाबा, काठाकाठानं जायचं असेल तर दोन. दाबलं की पुढचा मजकूर आणि पुढचा पेच.

हळूहळू मास्तरांचं बोलणंही तसंच झालं. पोह्याच्या ठेल्यावर ते विचारत, "तर्री घेतली तं काय होईन, अन् नाई घेतली तं काय होईन?" ठेलेवाला म्हणे, "नाई घेतली तं मागच्याले घेऊ द्या, मास्तर!" एकदा मुलगी बघायला गेले. तिच्या वडिलांनी पसंती विचारली, तेव्हा यांनी होकाराचे आणि नकाराचे परिणाम सविस्तर सांगितले. मास्तर अविवाहित राहिले.

मी हिशेबाचं पॅकेज शिकायला गेलो आणि खेळातच अडकलो. चित्र नसल्यामुळे जो तो आपापलं जंगल बघे. कोणाला साग दिसे, मला बांबू. 'गवत हललं' एवढं वाचूनच अंगावर काटा येई. पण खोडीही कमी नव्हत्या. कुठलीही वाट धरा, माणूस फिरून त्याच नाल्यावर. तीन दाबलं तर यंत्र ढिम्म. "तिसरं मले सुचलंच नाई," मास्तर सांगून टाकत. शिवाय वीजकेंद्राच्या आमच्या गावात वीज जाई ती नेमकी नाला ओलांडल्यावर, आणि सगळी पायपीट पुसली जाई. सगळ्यात मोठी खोड मात्र वाघाची. तो यायचा, बघायचा, जांभई द्यायचा आणि निघून जायचा. काहीही दाबा! एकदा मी म्हणालोच, "मास्तर, एखाद्याला तरी खाऊ द्या की त्याला!"

कायम दोन पर्याय देणारा हा माणूस त्या दिवशी एवढंच म्हणाला, "नाई."

मला काही राहवेना. बरंच खोदून विचारल्यावर ते बोलले. पहिल्यांदा बनवला तेव्हा खेळातला वाघ खात होता. मास्तरांनी कौतुकानं आईला क्लासात आणलं. तिला वाचता येत नव्हतं. हे वाचून दाखवत, ती सांगेल ते दाबत. वाट चुकली. पडद्यावर आलं, वाघानं तुम्हाला खाल्लं, खेळ संपला. मास्तरांनी तेही वाचून दाखवलं, आणि मग आईचा चेहरा बघितला. तिचा धाकटा भाऊ मोहफुलं वेचायला जंगलात गेला होता, तो परत आला नव्हता. मास्तर तेव्हा पाळण्यात होते.

"मी काय लिहून बसलो, मले समजलंच नाई," ते म्हणाले. "जरा वेळानं आई म्हणे, संपला काऊन? पुन्हा पाठव त्याले."

पुन्हा पाठवता येतं हे कळल्यावर आई वरचेवर क्लासात येऊ लागली. मास्तरांनी खेळातलं एकेक मरण शोधून काढून टाकलं. "खेळ बिघडला, मले मालूम आहे," ते म्हणाले, "पण आई खुशीनं येऊन बसते ना."

पुढे गावात रंगीत खेळांची आणि इंटरनेटची दुकानं झाली, क्लास ओस पडला. यंत्रं विकली, त्या दुपारी मी आवराआवरीला गेलो होतो. आई आल्या आणि नेहमीच्या खुर्चीत बसल्या. मास्तर वाचू लागले. नाला, गवत, वाघाची जांभई. अखेर माणूस गावात पोचला; ही वाट मला कधीच लागली नव्हती. बहिणीनं दार उघडलं, ताटात भात वाढला. पुढे काही लिहिलेलंच नव्हतं. मास्तरांचा हात बटणाकडे गेला.

"थांब," आई म्हणाल्या. "जेवू दे त्याले. मंग बंद कर."

यंत्रं न्यायला आलेला माणूस दारात उभा होता. मास्तरांनी त्याला हातानंच थांबवलं.