आरतीनंतरचा निअर-मिस

कापराचा वास आला की मला देवाआधी बाबा आठवतात. रिसालीतल्या आमच्या गणपतीची आरती नुकतीच संपली होती आणि बाबांनी माईक मागितला. जन्म स्टील प्लांटच्या भट्टीवर गेलेला, आम्हा मुलींसमोर "बाथरूमला जातो" एवढंही न म्हणणारा माणूस. वाटलं, चपला नीट लावा म्हणून सांगतील. प्लांटमध्ये रीत होती, अपघात होता होता टळला की ज्याच्यावर बेतलं त्यानंच शिफ्टच्या आधी सगळ्यांसमोर उभं राहून तो सांगायचा. त्याला निअर-मिस म्हणत. बाबा तसेच उभे राहिले, ताठ, हात पाठीमागे. "माझा निअर-मिस सांगून राहिलो," ते म्हणाले. "मले प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. काहीच दुखत नोतं. पोरीनं जबरदस्तीनं रक्त तपासाले नेलं, म्हणून वेळेवर सापडला. पन्नाशी झाली असंन त्यानं डॉक्टरले विचारा. भट्टीपुढं उभे रायलो आपण, अन् लघवीच्या जागेची लाज कावून?" पुढे बायका बसलेल्या. मग बाबांचे जुने फोरमन, ज्यांना बाबाही वचकून असत, काठी टेकत पुढे आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "दवाखान्यात कोनत्या खिडकीवर जा लागते रे?" बाबा म्हणाले, "सकाळी माझ्यासंगं चाला, साहेब." यंदा आरती संपल्यावर माईक मी मागितला. माझ्या छातीतली गाठही वेळेवर सापडली होती. बोलायला तोंड उघडलं, तेव्हा हात आपसूक पाठीमागे गेले होते.