पान ऐकणारे मास्तर

"वाच," असं म्हणून मास्तर डोळे मिटायचे आणि उजवा हात कानाला लावायचे. मराठीची तोंडी परीक्षा ते अशीच घेत. पोर अडखळलं तरी गप्प, सुसाट सुटलं तरी गप्प. पान संपत आलं की मात्र मान पुढे यायची. पान उलटल्याचा आवाज आला की पोर पास.

"शब्द काय, पोपटही बोलतो. मला पान ऐकायचंय," असं ते म्हणत. पुस्तक पाठ करून वाचण्याचं सोंग करणारी पोरं त्यांना अशी सापडत. युक्ती नामी होती, हे मी आजही मान्य करतो. पण तिच्यात मीच सापडलो.

मी उचगावचा. महाराजांच्या राज्यात आम्हा कुणब्यांच्या पोरांची कोल्हापुरात शिकायची सोय झाली होती, आणि आमच्या घरातला पहिला शिकणारा मी. वाचता मला येत होतं, पण भीतीपोटी सगळं पुस्तक पाठही केलं होतं. परीक्षेत समोरच्या भिंतीकडे बघत बोलत सुटलो. पान संपलं, मी थांबलो नाही.

"पान उलटायचं राहिलं," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "नापास. बसा, पोपटराव."

"मला वाचता येतंय की, मास्तर. दुसरं कुठलंबी पुस्तक द्या."

"पुढचा."

दुसरं पुस्तक त्यांनी दिलं असतं, तर आज हे लिहीत बसलो नसतो. वर्ष बुडालं. पोपटराव हे नाव माझ्याआधी उचगावला पोचलं. आबा म्हणाले, "पोपट पाळायला शाळा कशाला पायजे? हितं रान पडलंय की." आईने रडून-भांडून मला परत धाडलं. त्याच वाटेवर मी ठरवलं, या माणसाला एकदा नापास करायचंच. शाळेत ज्यांना असं नाव पडलं असेल, त्यांना मी वेगळं सांगायला नको.

शिकलो आणि शाळा तपासणारा डिप्युटी झालो. लोक म्हणत, पोरगं जिद्दीचं. जिद्द कसली, डूख धरला होता. नेमणूक झाल्यावर पहिली तपासणी कोणत्या शाळेची लावली, हे तुम्ही ओळखलंच असेल.

मास्तर थकले होते. मला त्यांनी ओळखलं नाही. पोरं फडाफडा वाचत होती आणि पानं बरोबर जागी वाजत होती. मग मी पिशवीतून त्याच पुस्तकाची नव्या छपाईची प्रत काढली. धडे तेच, पण अक्षर बारीक, त्यामुळे पानं दुसरीकडे संपत. पहिल्या पोराने अर्ध्यातच पान उलटलं. दुसऱ्याने तिथेच. तिसऱ्यानेही. धड्याबरोबर त्यांनी पान उलटणंही पाठ केलं होतं. प्रत्येक आवाजाला मास्तर समाधानाने मान हलवत होते, आणि मी 'नापास' लिहीत होतो. इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

"मास्तर, पान अर्ध्यावरच उलटतायत. बघा की," मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी कागदावरून नुसतं बोट फिरवलं.

"दिसत नाही, साहेब. दोन वर्षं झाली. तपासणीच्या भीतीने पाठ करून घेतलं." मग हात जोडून म्हणाले, "दुसरं कुठलंही पुस्तक द्या. पोरांना वाचता येतं."

"पुढचा," मी म्हणालो.

तपासणीच्या वहीतला शेरा माझ्या मनात कधीचा तयार होता. पान भरून तो मागच्या बाजूला गेला. मास्तरांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत एकेक शब्द चवीने म्हटला.

त्यांनी हात कानाला लावला होता. "साहेब, पान उलटायचं राहिलं," ते हळूच म्हणाले. मग विचारलं, "उचगावचे का आपण?"

मी पान उलटलं आणि सही केली. त्या सहीने त्यांची नोकरी गेली.

महिन्याभराने पुन्हा त्या शाळेत गेलो. का गेलो, ते विचारू नका. त्याच पोरांना कधी न पाहिलेलं पुस्तक दिलं. ओळीखाली बोट ठेवून, अडखळत, सगळ्यांनी वाचलं.

"कुणी शिकवलं?"

"जुन्या मास्तरांनी. आमचं बोट धरून पाटीवर गिरवून घेत हुते की."

मी सगळ्यांना पास केलं. खुर्चीत नवे मास्तर डोळे उघडे ठेवून बसले होते.