खुडलेला शेंडा

अकोल्याच्या आमच्या प्रयोगशेतात तण निंदायला येणाऱ्या एका मावशींना बोलता बोलता कपाशीचा शेंडा खुडायची खोड होती. झाडांनी हवेत सोडलेला वास त्याच क्षणी मोजणाऱ्या माझ्या यंत्रावरची रेघ मग उसळायची आणि मी चिडायचो. एकदा चिडूनच त्यांना यंत्राचा पडदा दाखवला.

"बघा, तुम्ही शेंडा खुडला की झाड वास सोडतं. त्या वासानं शेजारचं झाड सावध होतं."

एरवी माझ्या रागावर हसणाऱ्या मावशी या वेळी हसल्या नाहीत. हातातला शेंडा त्यांनी पदराच्या टोकाला बांधला.

"झाडाले समजते, सायेब? वास तं मले बी आला होता. माहा नवरा फवारनीचं औषध पेला, त्या दिवशी. मले वाटलं, फवारून आला असन. मी भाकरी थापतच राहिली."