अंजनाचा डबा आणि घाटातला भंडारा

मी हौशीराम. बैलगाडा शर्यतीच्या घाटात माईकवर बोलतो, त्याला बावीस वर्षं झाली. जुन्नर-आंबेगावात असा घाट नाही जिथं माझा घसा बसलेला नाही. बारी सुटली की बैलांच्या आधी माझा आवाज वर पोचतो, असं लोक म्हणतात, आणि मी काही त्यांना नाही म्हणत नाही. पण आज माझं कौतुक राहू द्या बाजूला. आज अंजनाचं सांगायचंय, आणि सांगताना मधे कोणी तोंड घातलेलं मला चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अंजना आमच्या निमगाव सावाच्या रस्त्याला मोटारी भरते. विहिरीवरची मोटार जळाली की जळकी तार उपसून नवी भरायची, हे तिचं काम. तिचा बाप रखमाजी हेच करायचा. आता त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो दुकानाच्या दारात खुर्ची टाकून आल्यागेल्याची चौकशी करत बसतो. त्यानं पोरीला बाराव्या वर्षी पहिला धडा दिला तो असा, की चालत्या मोटारीला तळहात लावायचा नाही, उलटा हात लावायचा. उलट्या हाताला ताप खरा कळतो. आज अंजना चाळिशीला आली. अजून ती उलटा हात टेकवते आणि तोंडावर सांगते, "ही उद्या दुपारी जळंल." माणूस चिडून निघून जातो आणि परवा सकाळी मोटार घेऊन दारात हजर.

दुसरा नाद तिला घाटाचा. बापाच्या खांद्यावर बसून तिनं पहिली बारी पाहिली. यात्रेला घाटातलं सगळं वायरिंग, भोंगे, जनरेटर तीच बघते. वर्षाचे बाकीचे दिवस ती मोजून-मापून बोलते, पण बारी सुटली की ही बाई खुर्चीवर उभी राहून ओरडते. मी स्वतः ऐकलंय, आणि मला आवाजातलं कळतं.

ज्यांनी घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घाट म्हणजे चढाची धावपट्टी. आमच्याकडं एका वेळी एकच गाडा पळतो, ती एक बारी. खालच्या फळीपासून, म्हणजे गाडा सुटतो त्या रेषेपासून, वरच्या फळीपर्यंत किती सेकंद लागले त्यावर नंबर ठरतो. आधी हातात घड्याळ धरायचे. आता दोन्ही फळ्यांना सेन्सर असतात, मोठ्या पडद्यावर सेकंद दिसतात, आणि मुंबईला गेलेली पोरं मोबाइलवर घरबसल्या बघतात. त्यासाठी बाहेरून एक पार्टी यायची. मागच्या यात्रेला वैशाखाच्या उन्हात त्यांचा लॅपटॉप तापून बंद पडला आणि अकरा बाऱ्यांचे सेकंद हवेत गेले. मग जे झालं ते विचारू नका. माझा माईक कोणी हिसकावला ते मला पक्कं माहीत आहे, फक्त नाव घेत नाही.

यंदा यात्रा कमिटीची बैठक बसली. कमिटीचा म्होरक्या कुशाबा. सत्तरीचा गडी, मिशा पांढऱ्या, पण घाटात त्याचा शब्द खाली पडत नाही. अंजना मागं उभी होती, ती एकदम म्हणाली, "आबा, यंदा सेकंदाचं काम मी करते. मशीन मी सोता जोडते."

"बाई, तू मोटारी भर," कुशाबा म्हणाला. "काम्प्युटर म्हंजे काय पाण्याची मोटार हाय व्हय?"

लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. अंजनाचं तोंड लाल झालं. "एक बारी जरी हुकली ना आबा, तर पुन्ना घाटात पाय ठेवणार नाय. वायरिंगबी दुसऱ्याला द्या."

"ठरलं," कुशाबा म्हणाला, आणि चहा मागवला. मला वाटलं, हिनं हे काय करून ठेवलं! घाट सुटला तर ही बाई जगेल, पण यात्रेच्या दिवशी घरात बसून भोंगा ऐकायची तिच्यावर पाळी येईल. तिच्यासाठी याहून वाईट शिक्षा मला तरी सुचत नाही.

आधी मी तिला म्हटलं, चांगला लॅपटॉप घे आणि मोकळी हो. ती म्हणाली, "नाना, जे उघडून दुरुस्त करता येत नाय, ते घाटात न्यायचं नाय." म्हणून एकेक भाग निवडून मशीन जोडायचं ठरलं. आणि ते छोटंच हवं, कारण तिच्या स्कूटरवर पुढं टोमॅटोचं क्रेट बसतं आणि घाटातही तेच क्रेट माझ्या टेबलाखाली मावतं. क्रेटात बसेल तेवढंच मशीन, बोटभरही जास्त नाही.

नारायणगावच्या दुकानात मी तिच्याबरोबर गेलो. दुकानदार पोरगा हुशार. प्रोसेसर दाखव, मदरबोर्ड दाखव, सगळं पुढ्यात मांडलं. मदरबोर्ड तर जेमतेम वीतभर! अंजना प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारायची, "ह्यो किती तापतो?" शेवटी तो पोरगा हसायला लागला. "मावशी, सगळे विचारतात पळतो किती. तापतो किती हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"पळणारं सगळंच तापतं भाऊ," ती म्हणाली.

पोरगा म्हणाला, व्हिडिओचं काम आहे तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल. ते तापतं, म्हणून तिनं डबा निवडला तो चहूबाजूंनी जाळीचा, वर दोन पंखे आणि पुढं एक. हवा खेळली पाहिजे, हा तिचा हिशोब. मोटारीच्या हिशोबानं तो बरोबरच होता.

दुकानात मोटारी भरायच्या टेबलावर तिनं ते जोडलं. रखमाजी बाजूला बसून विचारत होता, "आता काय बशिवलं? आता काय?" पहिल्यांदा बटण दाबलं तर पडदा काळा तो काळाच. मग अंजनानं एकेक गोष्ट उलट्या क्रमानं तपासली, तर रॅमची पट्टी एका बाजूनं बसलीच नव्हती. अंगठ्यानं दाबली, टक वाजलं, आणि पडदा उजळला. रखमाजीला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, पण उजेड कळला. तो टाळ्या वाजवायला लागला. त्या दिवसापासून गावात त्या मशीनचं नाव 'अंजनाचा डबा' पडलं.

आता माझी चूक सांगतो. सांगावीच लागेल.

आमच्या यात्रेआधी आंबेगाव तालुक्यातल्या एका गावात छोट्या शर्यती होत्या. अंजना म्हणाली, तिथं डबा चालवून बघू. छान चालला. सेकंद कसे, लख्ख! तिसरी बारी झाली आणि मी इतका खूश झालो, की समोरच्या ताटातला मूठभर भंडारा उचलला आणि डब्यावर उधळला. अहो, घाटात भंडारा कशावर उधळत नाहीत? बैलांवर उधळतात, गाड्यावर उधळतात, नव्या ट्रॅक्टरवर उधळतात. सगळी हवा पिवळी असते. मी म्हटलं, लेकीच्या मशीनला देवाचा आशीर्वाद असू दे.

तीन पंख्यांनी तो आशीर्वाद आत ओढला. पाचव्या बारीला आतून खर्रर आवाज आला, सातव्याला पडदा गेला.

"नाना, काय केलंत हे!" एवढंच ती म्हणाली आणि डबा क्रेटात घालून निघून गेली. तीन दिवस मी तिच्या दुकानावरून तोंड लपवून जात होतो. चौथ्या दिवशी तिनंच हाक मारली. टेबलावर डबा उघडा पडला होता, आत हळदच हळद, आणि ग्राफिक्स कार्डाचा पंखा जाम होऊन कार्ड गेलेलं.

"माझं चुकलं गं," मी म्हणालो.

"तुमचं नाय चुकलं नाना. तुमी नाय तर दुसऱ्यानं उधळलाच असता. घाट हाय त्यो. मी हवेचा इचार केला, हवेत काय असतं त्याचा केला नाय." ती ब्रशनं हळद झाडत होती. झाडताना तिचे डोळे भरले होते, आणि ते हळदीनं नव्हते भरले.

तेवढ्यात कुशाबाचा निरोप आला. यात्रेला आठ दिवस उरलेत, बाहेरच्या पार्टीला फोन करू का? अंजनानं निरोप्याला सांगितलं, "आबांना म्हणावं, शब्द दिलाय मी." निरोप्या गेल्यावर मला म्हणाली, "चला, नारायणगाव."

या वेळी तिनं सगळं उलटं निवडलं. जाळीचा डबा बाद, त्याजागी बंद पत्र्याचा. ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच नाही. असा प्रोसेसर घ्यायचा ज्याच्या पोटातच चित्राचं काम होतं आणि जो निम्मासुद्धा तापत नाही. ताप कमी, म्हणजे हवा कमी लागणार. हवा कमी लागणार, म्हणजे भोकं कमी. दुकानदार पोरगा म्हणाला, "मावशी, यावर गेम चालणार नाहीत हां."

"बैल चालतील का?"

"बैल पळतील!"

घरी येऊन तिनं डब्याची सगळी भोकं मोटारीत तारेखाली घालतात त्या जाड कागदानं बंद केली. हवा आत यायला एकच तोंड ठेवलं, तिथं एक मोठा, संथ पंखा बसवला, आणि त्याच्या पुढं रखमाजीच्या जुन्या मलमलच्या पटक्याचं दुहेरी कापड ताणून बांधलं. बाहेर जायला मागं एक फट. पंखा सतत आत हवा ढकलतोय म्हटल्यावर फटीतून वारा बाहेरच येणार, भंडारा आत शिरणार कसा? मला तिनं हे दोनदा समजावलं तेव्हा कळलं. तुम्हाला एकदाच सांगतोय.

मग म्हणाली, "नाना, उधळा."

"काय?"

"भंडारा. त्या दिशी एक मूठ टाकलीत, आज पोतं टाका."

राव, दोन तास मी त्या डब्यावर भंडारा फेकत होतो! दुकान पिवळं, मोटारी पिवळ्या, रखमाजी पिवळा, माझा खांदा निखळायची वेळ. डब्यात शर्यतीचा व्हिडिओ चालूच. शेवटी रखमाजी चाचपडत उठला, डब्याच्या पत्र्याला उलटा हात लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"कोमट हाय," तो म्हणाला. "चालंल दिसभर."

यात्रा उजाडली. एकशे ऐंशी गाडे नोंदलेले. अंजना माझ्या टेबलाशेजारी, डबा क्रेटात, जवळ धुतलेल्या कापडांची चळत. दर वीस बाऱ्यांनी ती कापड बदलायची, पिवळं झालेलं झटकून ठेवायची. दुपारी ऊन असं तापलं की माझ्या हातातला माईक चटके देत होता. डबा चालू. शंभर बाऱ्या झाल्या, डबा चालू. दीडशे झाल्या. मी माईकवर बैलांचं बोलत होतो, पण डोळा डब्यावर.

मग कुशाबाचा गाडा जुंपला. त्याच्या माणसांनी तर भंडाऱ्याची पोतीच आणलेली. बारी सुटली, मी ओरडलो "भिर्रर्र!" आणि सगळी पोती एकदम हवेत. मला बैल दिसेनात, पडदा दिसेना, शेजारची अंजनासुद्धा दिसेना. धूळ खाली बसेपर्यंत मी मनात विघ्नहराला, ओझरच्या गणपतीला, काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

पडदा दिसला. अकरा सेकंद सदुसष्ट. पहिल्या नंबरापेक्षा चार शतांश जास्त.

कुशाबा तरातरा मंचावर आला. मूठ तशीच, भंडाऱ्यानं भरलेली. "दाखीव," एवढंच म्हणाला. अंजनानं व्हिडिओ मागं घेतला आणि हळू चालवला. बैलाचं नाक, फळी, खालचे आकडे, सगळं स्वच्छ. म्हाताऱ्यानं तीनदा बघितलं. मी माझा माईक घट्ट धरून ठेवला, गेल्या वर्षीचा अनुभव होता.

"बैल कमी पडला," कुशाबा म्हणाला. "डबा खरं बोलला." आणि मंचावरच माझ्या खुर्चीत बसला. शेवटच्या बारीपर्यंत हलला नाही. अंजनाच्या कापडांच्या घड्या करून देत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

एकशे ऐंशीवी बारी झाली. एकही हुकली नव्हती. कुशाबा उठला, ताटातून ताजा भंडारा घेतला आणि हात डब्यावर उचलला. मी क्रेट मागं ओढायला वाकलो. अंजनानं मधे हात घातला, मान खाली वाकवली आणि म्हणाली, "डब्याला नगं आबा. मला लावा."

म्हाताऱ्याचा हात थांबला. मग त्यानं तिच्या कपाळावर भंडारा लावला, चांगला पाचही बोटांनी. माझ्याकडं वळून खेकसला, "हौशीराम, गाडामालकाची नावं पुकारतोस ना दिसभर? हिचं पुकार की!"

बावीस वर्षांत माझा घसा उन्हानं बसलाय, धुळीनं बसलाय. त्या दिवशी रडं आलं म्हणून बसला. पण पुकारलं मी. बापाच्या नावासकट, तीनदा. खाली पहिल्या रांगेत रखमाजी बसला होता, त्याला दिसत नव्हतं काही, म्हणून शेजारच्याला विचारत होता, लोक उभे का राहिले म्हणून.