साती बाटल्या विटकरी

तुळसाबाई अकरा वर्षं दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत होती. शाळा दुसरीपर्यंत. पण रोज पाहून पाहून तिला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. परीक्षानळीत निळं पाणी घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर माणूस घरी जातो. हिरवं झालं तर डॉक्टर पुन्हा बोलावतात. हळदीसारखं पिवळं झालं तर डॉक्टर बसायला सांगतात. आणि विटकरी झालं, तर घरच्यांना आत घेतात.

१९७३ साली डॉक्टर पिंपळापुरे यांनी मधुमेहाची पाहणी काढली. नागपुरात कोणकोणत्या समाजात ही बिमारी किती आहे, कोण काय खातो, किती चालतो, आईबापाला होती का, हे सगळं छापील फॉर्मवर भरायचं होतं. बायकांकडे बाटली मागायला पुरुष गेला की दार बंद व्हायचं. म्हणून डॉक्टरांनी तुळसाबाईला घरोघर पाठवलं. सोबत फॉर्म भरायला एक कारकून दिला. तो दारातच उभा राहायचा.

पहिले तीन महिने ती शहरभर फिरली. एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात म्हणाले, आमच्यात नाही, ही गादीवर बसणाऱ्यांची बिमारी. गादीवर बसणारे म्हणाले, आमच्यात नाही, ही भात खाणाऱ्यांची. भंडाऱ्याकडून आलेले भात खाणारे म्हणाले, ही तूप खाणाऱ्यांची. तूप खाणारे म्हणाले, ही फिकीर करणाऱ्यांची. फिकीर करणाऱ्यांचा मोहल्ला फॉर्मवर नव्हता.

गांधीबागेत महादेवरावांचं कापडाचं दुकान होतं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. घरात मोठी माणसं सात: महादेवराव, त्यांची बायको रुखमाबाई, त्यांची विधवा बहीण, दोन मुलगे आणि दोन सुना. रुखमाबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली आणि तुळसाबाई खालच्या.

"आमच्यात नाई वं हे," रुखमाबाई म्हणाली. "माह्या सासरी नाई, माहेरी नाई. बाटलीत कायले देऊ?"

"नाई हे लिहाले बी बाटली लागते, बाई."

आतून महादेवराव म्हणाले, "देऊन टाका. सरकारी काम हाये." कापड दुकानदाराला सरकारी कामाला नाही म्हणायची सवय नसते. तुळसाबाईने नंबर चिकटवलेल्या सात बाटल्या ठेवल्या. जेवणानंतर दोन तासांनी भरायच्या, हे तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटल्या खिडकीत ओळीने मांडलेल्या होत्या. वरून नव्या मलमलीचा तुकडा झाकलेला. काम इतकं नीटनेटकं कुठल्याच घरी झालं नव्हतं.

प्रयोगशाळेत तिने पहिली नळी उकळली. विटकरी. दुसरी विटकरी. तिसरी, चौथी, सातही. तिने निळं पाणी बदललं, नळ्या पुन्हा धुतल्या, पुन्हा उकळल्या. सातही विटकरी.

डॉक्टर पिंपळापुरे खुर्चीतून उठले. तीन महिन्यांत ते पहिल्यांदाच उठले होते. "अख्खं घर! तुळसाबाई, हे वंशपरंपरेचं उदाहरण आहे. दिल्लीच्या सभेत सांगण्यासारखं." त्यांनी कोरा कागद घेतला आणि वर मथळासुद्धा लिहिला.

तुळसाबाई नळ्या पालथ्या घालत होती. "साहेब, एक विचारू का?"

"विचारा."

"बापाची बिमारी पोराले आली, मान्य. बहिणीले बी असन. पण सुना तर दुसऱ्या घरच्या. एक काटोलची, एक उमरेडची. त्याइले काहून?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"अन् साती बाटल्या एकाच बोटापर्यंत भरल्या हायेत," ती म्हणाली. "महादेवराव अन् त्याइची सून, दोघंबी एकाच बोटापर्यंत. मले हे एकाच विहिरीचं पाणी वाटते."

पुढल्या दिवशी ती एकटीच गेली. कारकुनाला खाली दुकानात चहावर बसवलं. रुखमाबाई शेजारी गेली होती. मागच्या गच्चीवर थोरली सून गोपिका गहू निवडत होती. बावीस-तेवीस वर्षांची, सहावा महिना. शेजारी पाण्याचा तांब्या होता. तुळसाबाई बसेपर्यंत तिने तो रिकामा केला आणि माठातून पुन्हा भरून आणला.

"साती तूच भरल्या ना पोरी?"

गोपिका घाबरली. मग तिने गव्हातला खडा काढून बाजूला ठेवला. "सासूबाई म्हणाल्या, सगळ्याइले लाज वाटते. तुले तसंबी घडीघडी जा लागते, तूच भर."

"घडीघडी कधीपासून?"

"लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्षापासून. पाणी बी लई लागते. सासूबाई म्हणतात, माठ फुटका नाई, सूनच फुटकी हाये."

"अन् हे पहिलंच लेकरू काय?"

गोपिकेने मान हलवली. हे तिसरं. पहिले दोन नवव्या महिन्यात पोटातच गेले. दोन्ही मुलगे, चांगले थोराड, सुईणीच्या हातात मावेनात असे. सगळे म्हणाले, इतकं धष्टपुष्ट लेकरू, याला नजरच लागली. तेव्हापासून घरात रोज सकाळी तिची दृष्ट काढत होते आणि तिने अशक्त होऊ नये म्हणून दुपारी गुळाचा सांजा खाऊ घालत होते.

तुळसाबाई उठली. तिने असे थोराड मुलगे दवाखान्यात पाहिले होते. डॉक्टर त्यांच्या आयांची लघवी तपासायला पाठवायचे तेव्हा उशीर झालेला असायचा.

रुखमाबाई परत आली तेव्हा तुळसाबाई म्हणाली, "बाई, साती बाटल्या फुटल्या. आता पुन्हा पाहिजे. एकेकाने द्या, मी इथंच बसून राहते."

ती दुपारभर जिन्यात बसली. पाहुणी उठत नाही म्हटल्यावर घरातली माणसं एकेक करून आत जाऊन आली. महादेवरावांनी दुकान सोडून वर यायला चार वाजवले.

या वेळी पाच नळ्या निळ्या राहिल्या. गोपिकेची विटकरी. आणि एक पिवळी.

"हा पिवळा कोणाचा?" रुखमाबाईने दवाखान्यात विचारलं. डॉक्टरांनी सासूसुनेला बोलावून घेतलं होतं.

"तुमचा, बाई."

"बदलला असन."

"म्हणूनच आता रक्त घेणार हायेत," तुळसाबाई म्हणाली.

रक्त बदललं नाही. दोघींना मधुमेह होता. सासूला थोडा, सुनेला बराच. डॉक्टर पिंपळापुऱ्यांनी समजावून सांगितलं. आईच्या रक्तातली साखर बाळाला जाते, बाळ फुगतं, शेवटी गुदमरतं. नजरेचा काही संबंध नाही. सांजा बंद. रोज दोन वेळा इन्सुलिनचं इंजेक्शन. घरी कोण देईल?

गोपिकेचा नवरा चंद्रभान पुढे झाला. तुळसाबाईने त्याला सुई दाखवली. तो बाकावर बसला, मग बाकावर आडवा झाला. रुखमाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. मग पदर खोचून म्हणाली, "मले शिकव."

आठवडाभर ती येत होती. काचेची सिरिंज उकळायची, बाटलीतून खूण पाहून दवा ओढायची, बुडबुडा काढायचा. आधी तिने लिंबावर टोचून पाहिलं. मग स्वतःच्या मांडीवर नुसती सुई टोचली, आणि "दुखते," एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "काय वं, हे कशाचं बनते?"

तुळसाबाईला माहीत होतं. इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढतात, हे डॉक्टर विद्यार्थ्यांना सांगताना तिने कैकदा ऐकलं होतं. "कंपनीत बनते," ती म्हणाली.

"अन् कंपनी कशाचं बनवते?"

"ते मले काय मालूम? नळ्या धुण्याचं माहं काम."

रुखमाबाईने पुढे विचारलं नाही. तुळसाबाईला मात्र दोन-तीन दिवस जेवण गेलं नाही. आयुष्यात ती फार कमी खोटं बोलली होती, आणि हे बोलली ते देवघरात रोज दिवा लावणाऱ्या बाईशी. बरं, खरं सांगावं तर इंजेक्शन थांबणार. शेवटी तिने ठरवलं की पाप लागलंच तर आपल्याला लागेल, आणि आपलं वजन तर चाळीस किलोच आहे, फार काही चिकटणार नाही.

गोपिकेला शेवटचा महिना दवाखान्यात ठेवलं. दिवस भरायच्या तीन आठवडे आधी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, चार किलोची. पहिल्या दिवशी तिचीच साखर उतरली, अंग थरथरलं, डॉक्टरांनी ग्लुकोज लावलं. तुळसाबाईने त्या दिवशी नळ्या धुतल्या नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मोरी भरून राहिली आणि तिला कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी इतकी रडली की शेजारच्या खाटेवरच्या बाईने तक्रार केली. रुखमाबाई त्या बाईला म्हणाली, "रडू दे. आमच्या घरी दोन जण रडलेच नाई."

मग ती व्हरांड्यात आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तुळसाबाई बाजूला उभी राहिली.

"फुटकी सून म्हणत होती मी तिले," रुखमाबाई म्हणाली.

"हाव."

"तू नाई म्हणशीन वाटलं होतं."

मुलीचं नाव जयवंता ठेवलं.

पाहणी दोन वर्षांनी संपली. तुळसाबाईने डॉक्टरांना विचारलं, कोणत्या समाजात जास्त निघाली? डॉक्टर म्हणाले, कमीजास्त आहे, पण सगळ्यांतच आहे. बसून काम करणाऱ्यांत, पोट सुटलेल्यांत आणि ज्यांच्या आईबापांना होता त्यांच्यात जास्त. महादेवरावांच्या घरी सातातले दोन, असं त्यांनी लिहिलं. दिल्लीच्या सभेत त्या घराचा उल्लेख झाला नाही.

लेख इंग्रजीत छापून आला. शेवटी आभाराची यादी होती, मोठमोठ्या लोकांची. तुळसाबाईचं नाव राहून गेलं होतं. डॉक्टर पिंपळापुऱ्यांनी आपल्या प्रतीवर ते पेनाने मराठीत लिहिलं आणि प्रत तिला दिली. तिने आपलं नाव ओळखलं, बाकीची पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "साहेब, यात रंग कुठी हायेत?"

रंग नव्हते. सगळे आकडेच होते. तिने प्रत पिशवीत ठेवली आणि मोरीपाशी गेली. बाहेर गोपिका कडेवर मुलगी घेऊन, हातात तपासायची बाटली धरून रांगेत उभी होती.