वाचनालयाच्या फळ्यावरचं कोडं

दुष्काळातली ती घटना अजून डोक्यातून जात नाही. तेव्हा मी पाटोद्याकडच्या एका गावात फौजदार होतो. गावच्या पाणीपुरवठा सहकारी संस्थेच्या बोअरची मोटार भरदुपारी, लाइट गेलेली असताना चोरीला गेली. त्या एकाच बोअरवर आख्खं गाव पाणी पीत होतं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या एका संचालकाने ठाण्यात येऊन खबर दिली, "आमच्या पंप ऑपरेटरचंच काम हाय. काल दुपारी जागेवर नव्हता." ऑपरेटरला आणला. चौथी शिकलेला, चाळिशीचा माणूस. गुन्हा अंगावर आला असता तर नोकरी गेली असतीच, शिवाय ज्या गावाला पाणी पाजलं तिथंच चोर म्हणून जगावं लागलं असतं.

"काल दुपारी कुठं होतास?"

"वाचनालयात गेलतो, साहेब. शब्दकोडं सोडवाया."

हवालदार खो खो हसला. "का रं, चौथी पास अन् कोडं? साहेबाला येडा समजतो का?"

खरं सांगतो, मीही हसलो. मला स्वतःला कोड्यांचा नाद. टेबलावरचं अर्धवट कोडं चिडून त्याच्यापुढे सरकवलं. 'पाण्यात जन्म, तरी अंग कोरडे; पाच अक्षरे.' सकाळपासून मी तिथेच अडलो होतो.

त्याने बोटांवर अक्षरं मोजली. "कमळपत्र लिवा, साहेब."

माझं हसू मावळलं. वाचनालय ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर, पण तोवर आमच्यातलं कोणी तिथे फिरकलं नव्हतं. तिथे पेपर एकच यायचा आणि त्यावर लिहायला बंदी. म्हणून ग्रंथपाल कोड्याची चौकट फळ्यावर काढायचे, लोक खडूने भरायचे. मी तिथे गेल्यावर ते म्हणाले, "काल बारा ते चार इथंच होता की! निम्मा फळा त्यानंच भरला. बाकीच्यांनाही इचारा." विचारलं. पाच जणांनी तेच सांगितलं.

मग शिवारात फेरी मारली. दुष्काळात पाण्याचा चोर शोधायचा तर हिरवं कुठं आहे ते बघावं. सगळं रान करपलेलं, अन् खबर देणाऱ्या त्या संचालकाची मोसंबी तेवढी टवटवीत! मोटार त्याच्याच बोअरमध्ये निघाली; त्याची स्वतःची दोन दिवसांपूर्वीच जळाली होती. पंचनामा झाला.

ऑपरेटरला चहा पाजला. म्हटलं, "कोड्यानं वाचवलं बाबा तुला."

त्याने कप खाली ठेवला. "राग मानू नका साहेब. पर मला ते आलं नसतं, तर तुमी वाचनालयात गेला असता का?"

त्यानंतर नोकरीत आरोपी जिथे होतो म्हणेल, तिथे आधी स्वतः जाऊन यायचो. त्या दिवशी मात्र मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. उत्तर 'नाही' असं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर सांगायची मला लाज वाटली.