मॅट पांढऱ्यावर हळदीची पाच बोटं

आमची मयुरी, म्हणजे माझी धाकटी बहीण, जळगावात गाड्यांच्या पार्टना पावडर कोटिंग करते, म्हणजे रंगाची पूड फवारून भट्टीत पक्की भाजते. फोन उचलणं आणि गिऱ्हाइकांची समजूत काढणं माझ्या माथी. गिऱ्हाईक आलं, की रंगांचे नमुने दाखवायच्या आधी ही बाई विचारते, "घरात कोण कोण आहे?" कितीदा सांगितलं, अगं, लोकांना वाटतं आपण स्थळं जुळवतो! पण ऐकेल तर ती मयुरी कसली. घरात लहान पोरं असली, की ती खडबडीत टेक्स्चर सुचवते, ओरखडे दिसत नाहीत. पूजाअर्चा करणारं कुणी असलं, की चकचकीत ग्लॉस, लावलेली हळद पुसून निघते.

एकदा धरणगावचा हेमराज मोटारसायकलची काळी टाकी घेऊन आला. गाडीवरून पडून त्याचा पाय मोडला होता. हाड जुळलं, पण त्याची आई, रुक्माबाई, गाडीला अंगणात शिरू देईना. "ही काळतोंडी माझ्या दारात नको," एवढंच तिचं म्हणणं. तेव्हापासून गाडी शेजाऱ्याच्या गोठ्यात म्हशींसोबत उभी.

"ताई, पांढरी करून द्या," हेमराज म्हणाला. "मॅट पांढरी. आईचा राग गेला तर बरं, नाहीतर आहेच आपली एस.टी."

"आई हळद लावतील," मयुरी म्हणाली. "मॅट चकाकत नाही, पण डाग धरतं. ग्लॉस घे."

"आई? अहो, ती गाडीकडे बघतसुद्धा नाही! आणि ग्लॉस पांढरी म्हणजे फ्रीज वाटेल."

घ्या! दिली मॅट करून. दिसत होती मात्र झकास, खोटं कशाला बोलू.

हेमराजनं गोठ्यातली गाडी आमच्याकडे आणून ठेवली, टाकी बसवून झाली. तो ती न्यायला आला, तर मागून रिक्षातून साक्षात रुक्माबाई उतरली, हातात हळदीची वाटी! हेमराजचं तोंड एवढंसं झालं. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवरून हात फिरवला. "आते कशी लक्ष्मी दिखस!" म्हणाली. आम्ही दोघी "अक्का, थांबा, थांबा" म्हणेपर्यंत ओल्या हळदीची पाचही बोटं टाकीवर!

मयुरीनं फडकं घासलं, साबण लावला. बोटं जशीच्या तशी. माझं तर डोकंच फिरलं, बिचारीची सगळी मेहनत पाण्यात गेली. हेमराज त्या बोटांकडे बघत उभा होता. डोळ्यांत पाणी.

"अरे, रडतोस काय," मयुरी कळवळून म्हणाली. "चार दिवस उन्हात लाव, हळद आपोआप उडेल."

"मग मी गाडी सावलीतच लावणार," हेमराज म्हणाला आणि लहान पोरासारखा हसला.

रुक्माबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, रिक्षावाल्याला हातानंच जा म्हणून सांगितलं आणि पदर खोचला. "उडू दे रे. दसराले परत लावसू. चाल, मी मांगे बसस. नी हळू चालाड!"